गावातला दिव्यांग माणूस आणि सरकारी सोयी: बाजाराच्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न

दर बाजाराच्या दिवशी पंचायत समितीच्या आवाराबाहेर आम्ही दोघं-तिघं एक टेबल मांडून बसतो. अर्ज भरून द्यायचे, कागद तपासायचे, कुणाला कुठल्या खोलीत जायचं ते सांगायचं, एवढंच काम. इतक्या वर्षांत एक लक्षात आलंय, प्रश्न एका ठरावीक क्रमाने येतात. आधी पैशाचा, मग दाखल्याचा, मग सायकलचा. आणि उठताना, चपला पायात सरकवता सरकवता, घरातला खरा प्रश्न. खालचा क्रमही साधारण तसाच आहे.

निराधारचा पगार किती आणि कुणाला?

गावात सगळे पगारच म्हणतात, म्हणून तोच शब्द. नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांगांसाठी ही रक्कम २०२५ मध्ये महिना १,५०० वरून २,५०० रुपये झाली. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूत.

उत्पन्नाच्या दाखल्यावर बरेच अर्ज अडकतात. ५० हजार म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडं वर. घरात एक माणूस रोज मजुरीला जात असला तरी हा आकडा ओलांडला जातो. ही मर्यादा वाढायला हवी, हे माझं स्पष्ट मत आहे.

पगार बंद पडलाय. कुणाला विचारू?

आधी बँकेला विचारा, मग तहसीलला. पैसे आता थेट खात्यात येतात, पण कुठल्या खात्यात? आधार ज्या बँकेशी शेवटचं जोडलं गेलं त्या खात्यात. मागे एक आजी चार महिने पगार नाही म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. चौकशी केली तर नवीन सिमकार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन त्यांच्या नावाने मोबाईलवरचं एक खातं उघडून दिलं होतं. चार महिन्यांचे पैसे तिथे सुखरूप पडून होते, आजींना पत्ताच नव्हता. बँकेत जाऊन "माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय" एवढंच विचारा. तिथे सगळं बरोबर निघालं तर मग हयातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला द्यायचा राहिलाय का, ते शाखेत बघा.

लाडकी बहीण आणि निराधार, दोन्ही मिळेल का?

नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असेल तर लाडकी बहीणमध्ये बसत नाही.

माझ्या माणसाला दिव्यांग म्हणतील का? तो लंगडा-आंधळा नाही.

हा प्रश्न अगदी बरोबर आहे. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि यादी २१ वर गेली. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, स्वमग्नता (ऑटिझम), अध्ययन अक्षमता, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले, उंची खुंटलेले लोक, सगळे आत आले. नंदुरबार किंवा गडचिरोलीकडे सिकलसेलचं दुखणं घरोघर माहीत आहे; पण त्याचा दिव्यांगत्वाचा दाखला निघू शकतो, हे त्याच घरांना माहीत नसतं. कुष्ठरोगातून बरे झालेले लोक तर जुन्या यादीतही होते. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण मात्र २०१९ पर्यंत कायद्यात टिकून होतं.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले, त्यातले ६९ टक्के खेड्यांत. महाराष्ट्रातला आकडा २९ लाख ६३ हजार. ही मोजणी जुन्या, छोट्या यादीवरची आहे. त्यातून गणतीला आलेल्या माणसासमोर "घरात कुणी अपंग आहे का?" असं विचारल्यावर लग्नाच्या मुलीचा बाप काय उत्तर देणार, हे तुम्हीच बघा.

अपंग म्हणायचं की दिव्यांग?

सरकारी कागदावर दिव्यांग. माझा थोरला भाऊ पोलिओचा. तो म्हणतो, "दिव्य काही नाही रे, पाय चालत नाही एवढंच." शब्दावरून भांडण्यापेक्षा माणसाला नावाने हाक मारा. "ए लंगड्या", "ए मुक्या" ही गावात लाडाची हाक समजतात. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मी अजून कुणाला पोलीस ठाण्यात नेलेलं नाही, पण हे कलम पारावर मोठ्याने वाचून दाखवल्याचा उपयोग झालेला आहे.

यूडीआयडी कार्ड कसं काढायचं?

हे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. आधार, फोटो आणि उपचाराचे जे काही जुने कागद असतील ते जोडायचे. रुग्णालय निवडताना आपल्या जिल्ह्यातलं किंवा जिथे उपचार चालू आहेत ते निवडता येतं. मग तपासणीला बोलावतात. २०२४ मध्ये नियम बदलले. आता दाखला देण्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. कार्ड तीन रंगांत येतं: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि त्याच्या वर निळं.

लिहायला सोपं आहे. आमच्या गावावरून जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल ऐंशी किलोमीटर. तपासणी ठरावीक वारी. एका आईबरोबर मी गेलो होतो, मुलगा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हातपाय ताब्यात न राहणं). पहाटे पाचला वडापची पहिली जीप. मागे बाराजण, त्यात ती मुलाला मांडीवर आडवा धरून बसलेली. त्याचे पाय कडक, दर खड्ड्याला पुढच्या माणसाच्या गुडघ्यावर आपटायचे, आणि ती दर वेळी त्या माणसाला "माफ करा भाऊ" म्हणायची. हॉस्पिटलात अकराला नंबर लागला. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, बुद्ध्यांकाची चाचणी करणाऱ्या मॅडम आज रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या. तो माणूस काही वाईट नव्हता. पण ती माऊली दुसऱ्यांदा आलीच नाही. तिची मजुरी बुडाली होती आणि जीपचं जाऊन-येऊन भाडं वेगळं.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी करतो. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून तज्ज्ञ आहेत ना, ते विचारतो. कानाचं असेल तर बेरा चाचणीचं यंत्र चालू आहे का, हेही. आणि एकट्याला पाठवत नाही. पाच-सहा जण जमले की एक गाडी ठरवतो. ग्रामपंचायतीच्या निधीतून हे भाडं देणारे सरपंचही आहेत, विचारून बघा. तालुक्याला तपासणीचं शिबिर लागणार असेल तर आशाताईंना आधी कळतं. त्यांचा नंबर जवळ ठेवा.

टक्के कमी आले. आता?

४० च्या खाली आले की बहुतेक योजनांचं दार बंद. याचा हिशोब लोकांना क्रूर वाटतो आणि काही ठिकाणी तो आहेही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा ठणठणीत असेल तर ३० टक्केच धरतात. हात आणि कान, दोन्ही अधू असतील तर दोन टक्केवाऱ्यांची सरळ बेरीज करत नाहीत. सूत्र वेगळं आहे, उत्तर बेरजेपेक्षा कमी येतं. निर्णय पटला नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरता दाखला देतात. त्यावरची मुदत संपायच्या आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका.

एक जण दोन हजारांत टक्के वाढवून देतो म्हणतो.

देऊ नका. खोटा लाभ घेतला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो माणूस सापडत नाही, तुम्ही सापडता.

ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी म्हणजे काय? भाऊसाहेब (ग्रामसेवक) म्हणतात निधीच नाही.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले, म्हणजे घरपट्टी, बाजारकर, गाळ्यांचं भाडं वगैरे, पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आधी तीन होते, नव्या कायद्यानंतर पाच झाले. वरून आलेल्या वित्त आयोगाच्या पैशाशी याचा संबंध नाही, त्यामुळे "वरून निधी आला नाही" हे उत्तर चालत नाही. घरपट्टी वसूल झाली असेल तर निधी आहे.

आता हिशोब बघा. वर्षाचं स्वउत्पन्न चार लाख असेल तर पाच टक्के म्हणजे वीस हजार. गावात चाळीस दिव्यांग. वाटून टाकले तर माणशी पाचशे. बऱ्याच गावांत हेच होतं: दिवाळीच्या तोंडावर पाचशे-पाचशे वाटायचे, फोटो काढायचा, विषय संपला. पाचशे रुपये कुणाला नको असतात? मलाही लोकांच्या हातातले काढून घ्या म्हणायला जड जातं. पण त्याच वीस हजारांत दवाखान्याची एक पायरी काढून उतार होतो, शाळेच्या एका मुतारीला धरायला दांडी बसते, दोन जणांच्या तपासणीचं भाडं निघतं. निधी वैयक्तिक लाभावरही खर्च करता येतो आणि सामूहिक सोयीवरही. कशावर करायचा हे दिव्यांगांना एकत्र बसवून ठरवा, एवढीच मागणी धरा.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तोही माफ. तीनच ओळी लिहा: मागच्या तीन वर्षांचं स्वउत्पन्न, त्यातली पाच टक्के रक्कम, ती कशावर खर्च झाली त्या नोंदवहीची प्रत. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. भाऊसाहेबांचं पद कागदावर आता ग्रामपंचायत अधिकारी आहे, अर्जावर तसंच लिहा.

शिबिरात सायकल मिळाली, पण चालवता येत नाही.

तुमचीच नव्हे, गोठ्यात वैरणीखाली दबलेल्या अशा सायकली मी बऱ्याच पाहिल्यात. केंद्राच्या एडिप योजनेतून तीनचाकी, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, काठ्या मिळतात. बहुतेक साहित्य कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीचं असतं. वस्तू वाईट नसते. पण गुळगुळीत फरशीवर चालणारी पुढची छोटी चाकं काळ्या रानात पावसाळ्यात रुततात. तीनचाकी वस्तीवरून डांबरीपर्यंत जातच नाही.

मोजमापाच्या शिबिरात घराचं वर्णन आपण होऊन सांगा: उंबरा किती उंच, दाराची रुंदी किती, रस्ता कसला. घरातून निघताना दाराला दोरी लावून माप घ्या आणि तीच दोरी खिशात टाकून न्या. श्रवणयंत्र असेल तर त्याची बॅटरी कुठे मिळते, हे तिथेच विचारा. तालुक्यात मिळत नसेल तर यंत्र दोन महिन्यांत डब्यात जातं.

जयपूर फूट खेड्यात का टिकला ते यावरून कळावं. साठच्या दशकाच्या शेवटी जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. रबराचा पाय, बुटाची गरज नाही, अनवाणी चालता येतं, मांडी घालून बसता येतं, पाणी भरलेल्या वाफ्यात उतरता येतं. शेतकऱ्याचा दिवस कसा जातो हे ठाऊक असलेल्या हाताने तो बनवला होता.

शौचालय आहे, पण जाता येत नाही.

दोन पायऱ्या, अरुंद दार, खाली बसायचं भांडं आणि धरायला काही नाही. अनुदानातल्या नेहमीच्या शौचालयाचा हाच नमुना. त्यामुळे घरातली म्हातारी, सून उठायच्या आत उरकायचं म्हणून, संध्याकाळपासून पाणी पीत नाही. डॉक्टरला लघवीचा त्रास सांगते, कारण सांगत नाही.

यावर सरकारची वाट बघायची गरज नाही. आमच्या शेजारच्या वस्तीवर दृष्टी गेलेले एक तात्या आहेत. त्यांच्या नातवाने खाटेच्या पायापासून शौचालयाच्या कडीपर्यंत नायलॉनची दोरी कमरेच्या उंचीवर ताणून बांधली. वळणावर लिंबाच्या झाडाशी एक गाठ मारली. गाठ हाताला लागली की डावीकडे वळायचं. शौचालयाच्या आधी दोन गाठी, म्हणजे पुढे पायरी. तात्या रात्री आता कुणालाही उठवत नाहीत. दोरीवर कुणी कपडे वाळत घातले तर मात्र घरादाराला शिव्या बसतात.

मधला भाग कापलेली प्लास्टिकची खुर्ची भांड्यावर ठेवली की कमोड झाला. पायरीच्या जागी उतार करणार असाल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. गवंडी चार फुटांत उरकायला बघतो. तसल्या उतारावरून खुर्ची सुटते.

शाळेत घेत नाहीत.

नाही म्हणता येत नाही. ठळक दिव्यांगत्व असलेल्या, म्हणजे ४० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या साध्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत. तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षक असतात, त्यांना भेटा. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, अंथरुणाला खिळलेल्या मुलासाठी घरी शिक्षण, हे सगळं त्यांच्याकडूनच मार्गी लागतं. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. त्याचा अर्ज शाळेने वेळेत पाठवला का, हे दिवाळीनंतर स्वतः जाऊन विचारा.

मूल सहा महिन्यांचं होऊन मान धरत नसेल, हाकेला वळत नसेल, तर "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाला दाखवा. ते जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. कायद्याने दिलेल्या कुठल्याही सवलतीपेक्षा ही पहिली दोन-तीन वर्षं जास्त मोलाची आहेत.

एसटीत किती सवलत?

४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तिकिटात ७५ टक्के. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असेल तर सोबतच्या माणसाला ५० टक्के. लालपरीची पहिली पायरी मात्र कमरेइतकी उंच, तिला सवलत नाही. रेल्वेचं सवलत ओळखपत्र वेगळं काढावं लागतं.

रोजगार हमीवर काम मिळेल?

मागा. पाणी पाजणं, लहान मुलं सांभाळणं, रोपवाटिका, हजेरी ठेवणं ही कामं आहेतच. मजुरी बाकीच्यांइतकीच. शिवाय घरकुलासह गरिबी निर्मूलनाच्या योजनांत पाच टक्के वाटा दिव्यांगांचा आहे, त्यातही बायकांना आधी.

घरात वेड्यासारखं करतं माणूस. देवाला नेलं, गुण आला नाही.

देवाला नेल्याबद्दल मी कुणाला बोलत नाही. साखळीने बांधून ठेवल्याबद्दल बोलतो. मानसिक आजार २१ प्रकारांत आहे, त्याचाही दाखला निघतो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, फुकट. गोळ्या जिल्हा रुग्णालयात मिळतात. त्या सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत "बरा झाला" म्हणून बंद करू नका. पुन्हा बिघडलेल्या बहुतेक घरांत हेच झालेलं मी पाहिलंय.

मुलगी मतिमंद आहे. पाळीचा त्रास. पिशवी काढून टाकावी का?

हा प्रश्न कुजबुजत येतो, आईच विचारते. उत्तर: मुलीच्या स्वतःच्या समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होण्याची शक्यता संपवणारी कुठलीही शस्त्रक्रिया २०१६ च्या दिव्यांग कायद्याला मान्य नाही, कलम १०. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. आईच्या मनात खरी भीती पाळीची नसते, कुणी गैरफायदा घेईल याची असते. पिशवी काढून ती भीती जात नाही. उलट झालेलं लपून राहतं.

आम्ही गेल्यावर हिचं काय?

हाच तो चपला घालताना येणारा प्रश्न.

आधी जमिनीचं. दिव्यांग मुलीला किंवा मुलाला बाकीच्यांइतकाच वारसाहक्क आहे, त्याच कायद्याचं कलम १३ तसं स्पष्ट सांगतं. घडतं ते असं: बाप गेला की वारसनोंदीच्या वेळी "तिला काय करायची जमीन, आम्ही आहोतच की" म्हणून तिचं नाव लागतच नाही, किंवा हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात. पुढे भाऊ वेगळे होतात आणि ती कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून बाप जिवंत असतानाच मृत्युपत्र करा, नोंदणीकृत असलेलं बरं. वारसनोंद झाली की फेरफार आणि सातबारा डोळ्यांनी बघा. तिच्या नावावर अर्धा एकर जरी असला तरी तिला सांभाळणाऱ्याची बोलण्याची रीत बदलते. हे कडू आहे, पण मी पाहिलेलं आहे.

दुसरं पालकत्वाचं. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बापही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांत १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती नेमणूक करते, कोर्टात जावं लागत नाही. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशोब द्यायचा असतो. हिशोबाचं हे कलम नातेवाइकांसमोर मुद्दाम वाचा. कोण खरंच सांभाळायला तयार आहे ते तिथल्या तिथे कळतं. याच चार प्रकारांना निरामय योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, त्यात थेरपीचा खर्चही येतो.

ग्रामसभेत आमचं कुणी ऐकत नाही.

आधी ग्रामसभेत पोहोचायचं कसं, ते बघू. आमच्याकडे ग्रामपंचायत वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या. १५ ऑगस्टच्या सभेआधी पाच जणांनी सह्या-अंगठ्यांचं साधं पत्र दिलं: आम्हाला वर येता येत नाही, सभा खाली घ्या. सरपंच आधी हसले, मग सतरंजी मारुतीच्या देवळापुढे टाकायला सांगितली. त्या दिवशी माझ्या भावासह दिव्यांग सात आले. आणि वर चढायचा कंटाळा म्हणून कधीच न येणारी म्हातारी माणसं मोजली तर तेवीस निघाली.